तुम्ही विचारलंत म्हणून : नवं मशीन का घेत नाही?

‘एवढी खटपट करून जुनी शिलाई मशीनं चालू करत बसण्यापेक्षा एक नवं का घेत नाही?’ घरी येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी हे विचारतं. हॉलमध्ये लोखंडी स्टँडवरची काळी मशीनं, त्यातलं एखादं उघडलेलं, वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले स्क्रू आणि रॉकेलचा वास असं सगळं दिसल्यावर प्रश्न साहजिक आहे. उत्तर द्यायचं तर मशीनच्या आत शिरावं लागतं.

टाका कसा पडतो ते बघा. सुई कापडातून खाली जाते तेव्हा टाका पडत नाही, ती वर यायला लागली की पडतो. सुई तळापासून जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर वर आली की नेढ्यापाशी एका बाजूचा दोरा कापडात अडतो आणि तिथे त्याचा बारीक फुगा तयार होतो. त्याच वेळी शटलचं, म्हणजे खाली फिरणाऱ्या भागाचं, टोक येऊन तो फुगा धरतं, मोठा करतं आणि अख्ख्या बॉबिनभोवती, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाभोवती, फिरवून आणतं. मग वरची दांडी जास्तीचा दोरा परत ओढून घेते आणि गाठ कापडाच्या दोन थरांच्या मधे बसते. प्रत्येक टाक्याला वरचा दोरा खालच्या पूर्ण बॉबिनला वळसा घालून येतो! जुन्या मशीनची सरकपट्टी बाजूला करून चाक हाताने हळूहळू फिरवलं की यातलं बरंचसं डोळ्यांना दिसतं. मला या छंदात धरून ठेवणारी गोष्ट हीच आहे. समोरचं यंत्र मला पूर्ण कळतं. काय बिघडलंय ते बघता येतं आणि घरच्या स्क्रू ड्रायव्हरने ते खोलता येतं.

हे सगळं एका माणसाच्या डोक्यातून आलेलं नाही. टोकाशी नेढं असलेली सुई आणि शटल यांच्या जोडीचं पेटंट एलियस हाव यांनी 1846 साली अमेरिकेत घेतलं. आयझॅक सिंगर यांचं पेटंट 1851 चं. कापड पुढे सरकवणारे दाते वर येतात, पुढे जातात, खाली बसतात आणि मागे येतात. ही चार हालचालींची युक्ती ॲलन विल्सन यांनी 1854 मध्ये नोंदवली आणि आजच्या मशीनचे दातेही तसेच चालतात. अर्धा फेरा घेऊन परत फिरणारं शटल सिंगर कंपनीने 1879 मध्ये आणलं. त्यातूनच पुढे ‘क्लास 15’ या नावाची मशीनं आली. आपल्याकडे शिंप्याच्या दुकानात आणि घराघरांत दिसणारं ‘काळं मशीन’ बहुतेक वेळा याच घराण्यातलं असतं. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगने 1930 च्या दशकात उषा मशीन काढलं, नंतर लुधियानात कितीतरी कारखाने उभे राहिले, पण आतली रचना तीच राहिली. म्हणूनच 1920-30 च्या दशकांत स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात तयार झालेल्या सिंगर 15 ला आजही पेठेतल्या दुकानातली साधी सुई आणि बॉबिन चालते. तो क्लाइडबँकचा कारखाना 1980 मध्ये बंद झाला. तिथल्या रेल्वे स्थानकाचं नाव मात्र अजून सिंगरच आहे.

होडीच्या आकाराचं शटल असलेली त्याहून जुन्या घडणीची मशीनंही मिळतात. त्यांची बॉबिन लांब, काडीसारखी असते. अशा मशीनला हात लावण्याआधी मी शटल जागेवर आहे ना ते बघते, कारण ते हरवलेलं असेल तर पुढे शोधाशोध अटळ.

दुरुस्ती म्हणजे बरंचसं काम साफसफाईचं. आपल्या घरांतल्या मशीनचा मोठा शत्रू गंज वाटतो, पण माझ्या हाती येणारी मशीनं जास्त करून तेलाने अडकलेली असतात. मशीनचं तेल संपलं की कोणीतरी प्रेमाने खोबरेल किंवा गोडंतेल घातलेलं असतं. खोबरेल तर थंडीत गोठतंच, आणि खायची तेलं वर्षानुवर्षांत वाळून पिवळट, चिवट थर होऊन बसतात. चाक हलेनासं होतं आणि घरचे म्हणतात, मशीन गेलं. ते गेलेलं नसतं. प्रत्येक छिद्रात थोडं रॉकेल सोडायचं, रात्रभर थांबायचं, हेअर ड्रायरने ऊब द्यायची, चाक किंचित हलवून बघायचं आणि पुन्हा थांबायचं. जोर लावायचा नाही. मग कधीतरी चाक सुटतं आणि जुनं तेल काळं होऊन बाहेर येऊ लागतं. त्या वेळी होणारा आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही. रॉकेल पुसून काढल्यावर मात्र खरं मशीनचं तेल द्यायलाच हवं, नाहीतर लोखंडावर लोखंड कोरडं घासतं.

बाहेरून पुसताना फार सांभाळावं लागतं. जुन्या मशीनवरची सोनेरी नक्षी लाखेच्या पातळ थराखाली असते. स्पिरिट किंवा थिनर लावलं तर लाख विरघळते आणि नक्षी तिच्याबरोबर निघून येते. मऊ कापड आणि मशीनचंच तेल एवढं पुरतं. चकचकीत दिसावं म्हणून नव्याने रंग मारलेली मशीनं बघवत नाहीत मला.

त्याहून वाईट वाटतं ते लोखंडी स्टँडचं टेबल झालेलं पाहून. हल्ली हॉटेलांत आणि फ्लॅटमध्ये ही हौस फार आहे. वर काच बसवतात आणि हेड, म्हणजे स्टँडवरचं मशीन, जातं भंगारात. ज्या यंत्रावर एखाद्या बाईने घर चालवलं, पोरांचे गणवेश शिवले, ते किलोवर विकलं जातं. गांधीजी यंत्रांबद्दल किती कठोर बोलत, पण 1924 मध्ये ‘यंग इंडिया’त आलेल्या संवादात सिंगरच्या शिलाई मशीनला त्यांनी आवर्जून वगळलं होतं, आजवर निघालेल्या थोड्याच उपयोगी वस्तूंमध्ये त्यांनी ते धरलं होतं. चालवणाऱ्याच्या ताब्यात राहणारं यंत्र म्हणून मला ते पटतं. पायाने एकच टाका घालून थांबता येतं. वीज गेली तरी शिवण चालू राहते.

नवं मशीन वाईट असतं असं मी म्हणणार नाही. काळं मशीन सरळ टाका घालतं, तेवढंच. पिको, काज, टी-शर्टचं ताणणारं कापड यासाठी झिगझॅग लागतो, आणि असं काम असलं की मी बहिणीकडे जाते. पण सरळ टाका घालावा तो याच मशीनने. त्याच्या पट्टीत सुईसाठी एकच बारीक गोल छिद्र असतं, त्यामुळे मलमलसारखं तलम कापड आत ओढलं जात नाही. जीन्सच्या घड्या, कॅनव्हासच्या पिशव्या, खणाचं पोलकं, सगळं त्यावर नीट होतं.

तुमच्या माळ्यावर एखादं असेल तर विकण्याआधी एवढं करा. चाक नेहमी स्वतःच्या दिशेने फिरवा. जुनी सुई काढून नवी लावा, साध्या सुती कापडाला 14 नंबरची. सुईच्या ज्या अंगाला लांब खाच असते त्याच बाजूने दोरा ओवा. बॉबिन केस, म्हणजे बॉबिन बसते ती डबी, दोऱ्याला टांगून धरा. ती आपोआप घसरू नये, हलका झटका दिला की थोडीशी खाली यावी. घसरत असेल तर स्क्रू फिरवण्याआधी तिच्या पट्टीखाली अडकलेला धुरळा सुईने काढा. कापड दाबून धरणारा दाबपाय खाली असतानाच वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, तपासा, पाय वर असला की दोरा दाबणाऱ्या चकत्या सैल असतात. आणि बॉबिन भरण्यासाठी चाकावरची मधली गुंडी सैल करूनही सुई थांबत नसेल तर आतली वॉशर उलटी बसलीय, ती अर्धा फेरा फिरवून लावा. एवढ्यानेही चाललं नाही तर मशीन माझ्याकडे घेऊन या, हेडसकट.