सराफ्यात मुलांना नेताय? बाबागाडी घरी ठेवा

इंदूरला निघण्याआधी ज्याला त्याला विचारलं, आणि सगळ्यांनी एकच सांगितलं: सराफा, म्हणजे सोनारांच्या गल्लीत रात्री भरणारा खाऊबाजार, चुकवू नका, मुलं खूश होतील. एकानेही सांगितलं नाही की सराफ्यात खाण्याची दुकानं लागतात तीच मुळी सोन्याची दुकानं बंद झाल्यावर, म्हणजे साडेआठ-नऊनंतर. दोन वर्षांचं मूल तेव्हा पेंगायला लागलेलं असतं. आणि गल्लीच्या दोन्ही कडांना उकळत्या तेलाच्या कढया पाच वर्षांच्या मुलीच्या खांद्याच्या उंचीला असतात, हेही कोणी बोललं नाही. म्हणून हे लिहिते आहे. माझी मोठी पाच वर्षांची, धाकटा दोनचा. तुमचीही याच वयाची असतील तर शेवटपर्यंत वाचा.

आम्ही लोकमान्य नगरात नवऱ्याच्या आत्यांकडे उतरलो होतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, त्यात शनिवार. निघताना आत्या म्हणाल्या, "बाबागाडी कशाला नेऊन राहिलीस गं? आमची मुलं सराफ्यात कडेवरच मोठी झाली." मी म्हटलं, "आत्या, हा बारा किलोंचा आहे, किती वेळ धरणार?" आणि नेली. त्यांचं ऐकायला हवं होतं.

राजवाड्यासमोरून सराफ्याच्या तोंडापर्यंत एरवी पाच मिनिटांची वाट. शनिवारी रात्री साडेनऊला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. राजवाड्याची सात मजली दर्शनी बाजू, खाली दगड आणि वर लाकूड, रात्री दिव्यांत फार सुंदर दिसते. पण ती बघायला मान वर करायची सोय नव्हती, कारण डोळे चाकांवर. दुचाकी मागून हॉर्न देत होत्या, समोरून लोकांचा लोंढा येत होता. चाक दर चार पावलांना कोणाच्या तरी टाचेला लागायचं.

आत शिरल्यावर माघारी फिरता येत नाही, हे नीट समजून घ्या. गर्दी तुम्हाला पुढे नेते. जिथे जिलेब्या आणि मालपुवे तळले जातात त्या भागात मागून धक्का बसला आणि बाबागाडीचं पुढचं चाक एका शेगडीच्या स्टँडवर आपटलं. तेलाचे चार थेंब गाडीच्या छतावर उडाले. कापडाला भोकं पडली. छत मागे सारलेलं असतं तर ते थेंब धाकट्याच्या तोंडावर पडले असते. तळणारा माणूस माझ्याइतकाच घाबरला, त्याने झटकन शेगडी मागे ओढली, स्वतः उठून आम्हाला एका बंद पेढीच्या ओट्यावर जागा करून दिली. त्याचा काहीच दोष नव्हता. नवऱ्याने तिथेच बाबागाडी मिटून डोक्यावर घेतली, मी धाकट्याला कडेवर घेतलं. मोठीचा हात इतका घट्ट धरला होता की नंतर ती म्हणाली, आई, दुखलं. त्या रात्री आम्ही जे काही खाल्लं त्याची चव मला आठवत नाही.

आता तिखटाचं. आपल्याकडची नावं असली तरी पदार्थ आपल्यासारखे नाहीत. साबुदाण्याची खिचडी तुपात परतलेली नसते. वाफवलेला मोकळा साबुदाणा समोर मसाला, शेव-फरसाण, लिंबू घालून कालवून देतात. हे मुलांसाठी चांगलं, कारण कालवण्याआधी "मिर्ची-मसाला मत डालना" म्हणालात तर खरंच फिकी मिळते. भुट्ट्याच्या किसाचं तसं नाही. तो मोठ्या कढईत मिरचीसकट शिजलेला असतो, त्यातलं तिखट काढता येत नाही. माझ्या मुलीने एक घास घेतला आणि दहा मिनिटं रडली. गराडू हिवाळ्यातच मिळतो, तळलेल्या कंदावर जिरावण (इंदुरी कोरडा मसाला) आणि लिंबू. जिरावणाशिवाय मागा, मुलं बटाट्यासारखा खातात. शिकंजी म्हणजे लिंबूपाणी समजू नका. इंदूरची शिकंजी दुधाची, घट्ट, सुकामेव्याची आणि गार असते. डिसेंबरच्या रात्री लहान मुलाला अजिबात देऊ नये.

परतीच्या रिक्षाचा राग अजून गेलेला नाही. येताना शंभर रुपये दिले होते. रात्री अकराला राजवाड्यासमोर त्याच अंतराचे चारशे मागितले. मूल खांद्यावर झोपलेलं आहे आणि हातात घडी केलेली बाबागाडी आहे हे बघून भाव वाढतो, माझी खात्री आहे, कारण आमच्या पुढच्या दोन कॉलेजच्या मुलांना त्याच माणसाने दीडशे सांगितले. आम्ही थंडीत वीस मिनिटं उभे राहून शेवटी साडेतीनशे दिले. राजवाड्यासमोर रात्री रिक्षा ठरवू नका. कृष्णपुरा छत्र्यांच्या (होळकरांच्या समाध्यांच्या) बाजूला पुलापर्यंत चालत या आणि तिथून ॲपवर बोलवा. रस्ता मोकळा आहे, रिक्षा तुमच्यापर्यंत पोचते.

मधले दोन दिवस प्राणिसंग्रहालय, लालबाग आणि पोहे-जिलेबी यांत गेले, छान गेले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एवढंच की सकाळचे पोहे हा मुलांसाठी इंदुरातला सर्वांत सोपा खाऊ आहे. मऊ, कोमट, आणि शेव-जिरावण वरून घालतात म्हणून नको म्हणता येतं.

छप्पन दुकानला सोमवारी संध्याकाळी गेलो. न्यू पलासियातला हा छप्पन दुकानांचा रस्ता २०२० मध्ये नव्याने बांधला, तेव्हापासून वाहनांना बंद आहे. बसायला जागा आहे, बाबागाडी सरळ चालते. इथल्या "हॉट डॉग"च्या नावाला घाबरू नका, पावात टिक्की असते. अंडं खात असाल तर बेंजो घ्या, पावातलं ऑम्लेट, माझ्या दोघांनी सगळं संपवलं. खोपरा पॅटिस आतून खूप गरम असतं, फोडून निववून द्या. चार वर्षांखालचं मूल असेल आणि एकच संध्याकाळ हातात असेल तर माझं मत स्पष्ट आहे: छप्पनला जा, सराफा सोडा.

पण मोठी ऐकेना. शनिवारी दिसलेले, दहीवडा हवेत उडवणारे काका तिला परत बघायचे होते. म्हणून मंगळवारी पुन्हा गेलो, या वेळी आत्यांना घेऊन आणि त्यांच्या पद्धतीने. दुपारी दोघांना दोन तास झोपवलं. सातला घरी वरण-भात खाऊ घातला, म्हणजे तिथे भुकेने रडणं नाही. लघवी घरूनच करून निघालो. डायपर बदलायला सराफ्यात बंद दुकानाचा ओटा सोडून जागा नाही, चादर सोबत ठेवा. धाकटा माझ्या छातीशी कापडी कॅरिअरमध्ये. बारा-तेरा किलोंचं मूल तासभर अंगावर घेऊन उभं राहायची सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी पाठ धरेल, दोघांनी आळीपाळीने घ्या.

पावणेनऊला पोचलो. सोनारांची शटरं खाली येत होती, खाण्याच्या गाड्या लागत होत्या, कढया नुकत्याच तापत होत्या. गल्लीच्या मधोमध चालायला जागा होती आणि मधोमधच चालायचं, कडेने नाही. मूल कढईच्या बाजूला नको, मोठ्यांनी त्या बाजूने चालायचं. आत्या हे सगळं न सांगता करत होत्या.

दहीवडा मसाल्याविना मागितला. द्रोण वर उडाला, परत हातात आला, दही सांडलं नाही. धाकट्याने टाळ्या वाजवल्या. मऊ आणि गार, त्याने अर्धा खाल्ला. ताटलीएवढा एक जलेबा आम्ही पाच जणांत पुरवला. मुलीने रिकामा द्रोण हातात धरून कचऱ्याची पेटी शोधली, आजूबाजूचे सगळे तेच करत होते. २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर पहिलं आलं, ते मला त्या गल्लीत दिसलं. रात्री नऊला इतकं खाणं चाललेलं असून पायाखाली कागद नव्हता.

पावणेदहाला गर्दी दाटायला लागली तसे आत्या म्हणाल्या, "चला आता." रबडी राहिली होती. बांधून घेतली. पुलापाशी रिक्षा तीन मिनिटांत आली, घरापर्यंत नव्वद रुपये झाले.