आमची वाटचाल : आम्ही रोलरवाले

आम्ही बोटी रंगवतो, पण स्प्रेगन आमच्याकडे कधीच नव्हती. सुरुवातीला घ्यायला पैसे नव्हते, पुढे घ्यावीशी वाटली नाही. भागीदार आधी घरं रंगवायचा, मी फायबरच्या डागडुजीतला. तो म्हणायचा, बोटीची बाजू म्हणजे पोट सुटलेली भिंत. निम्मंच खरं होतं. भिंत रंग पिते, जेलकोट, म्हणजे फायबरच्या बोटीवरचा गुळगुळीत बाहेरचा थर, पीत नाही. तिथे रंग धरतो तो पॉलिशपेपरच्या ओरखड्यांना.

रोलर त्याचा, ब्रश माझा. तो हातभर रुंदीचा पट्टा पातळ ओढायचा आणि पुढे सरकायचा. मी मागोमाग कोरडा ब्रश नुसत्या टोकाने फिरवायचो. दाब नाही, बुडबुडे मोडायचे आणि फिरायचं नेहमी आधीच्या ओल्या कडेकडे. टू-पॅक पॉलियुरेथेन, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा रंग, भराभर बसतं. कड एकदा सुकली की तो जोड पुढचा हात मारेपर्यंत डोळ्यांत खुपतो, म्हणून बाजू सुरू केली की टोकापर्यंत थांबायचं नाही. फोन वाजू दे, नाहीतर मालक चहा घेऊन उभा राहू दे. रोलर बारीक, घट्ट फोमचा. भिंतीचा लोकरी रोलर घेऊन येणारे अजून भेटतात, त्यांच्या बोटीला संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो. नवा फोम आणलात तर आदल्या दिवशी त्याचा तुकडा थिनरमध्ये बुडवून ठेवा. विरघळणारा असेल तर वाटीत विरघळू दे, बोटीवर नको.

आता ते प्रकरण. एका गिऱ्हाइकाची बोट आम्ही घासून, लांबी (पुट्टी) भरून, इपॉक्सी प्रायमरपर्यंत, म्हणजे रंगाखालच्या थरापर्यंत, आणली होती. मध्येच शेजारच्या स्प्रेवाल्याने त्याला आरशासारख्या चकाकीचं स्वप्न दाखवलं आणि बोट तिकडे गेली. तिथे ती कित्येक आठवडे उघड्यावर पडून होती. मग एक दिवस प्रायमर न घासताच तिच्यावर रंग उडवला. इपॉक्सीवर पुढचा हात किती वेळात मारायचा हे डब्यासोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. ती मुदत टळली की वरचा रंग प्रायमरशी एकजीव होत नाही, घासून ओरखडे द्यावेच लागतात. पुढच्या हंगामात तळहाताएवढे पोपडे सुटले आणि स्प्रेवाल्याने बोटींच्या धक्क्यावर सगळ्यांना सांगितलं, रोलरवाल्यांचा प्रायमर कुजका.

लोकांनी मानलं. ठरलेली कामं गेली, विचारायला येणंही थांबलं. भागीदार नोकरीला लागला. त्याच्यावर राग नाही, घर त्यालाही होतं. व्हॅक्युमचा सँडर, आमचं घासायचं मशीन, मी विकायला काढला होता.

आम्हाला वाचवलं काकांनी. आमचं पहिलं गिऱ्हाईक. त्यांनी त्या बोटीचा एक पोपडा खिशात घातला आणि जो बोलेल त्याच्यापुढे उलटा धरायला सुरुवात केली. "याच्या पाठीला प्रायमर दाखवा, मग ओरडा." पाठ गुळगुळीत होती, नुसता रंग. प्रायमर बोटीवर जिथल्या तिथे होता, चाकूने खरवडूनही निघेना. आमचं काम सुटलं असतं तर प्रायमर पोपड्याबरोबर आला असता आणि खाली जेलकोट उघडा पडला असता. एवढं साधं, पण पाहायला कुणी वाकलं नव्हतं. हळूहळू माणसं परत आली. स्प्रेवाला एका शब्दाने चुकलो म्हणाला नाही. आजही रोलरच्या कामाला तो घरगुती म्हणतो. म्हणू दे.

त्यानंतरची वर्षं कामाची गेली.

आता स्वतः करू पाहणाऱ्यांसाठी, विचारलं नसलं तरी. घासण्याआधी मेण काढा. साच्यातलं मेण आणि जुनं पॉलिश अंगावर असतंच, आणि तसंच घासलं तर ते ओरखड्यांत जाऊन बसतं. एक चिंधी सॉल्व्हंटची, लगेच मागून दुसरी कोरडी, आणि दोन्ही सारख्या बदलत राहा. रंगाआधी शेवटचा पॉलिशपेपर ३२० नंबरचा. बोटीचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा, निदान ३ अंश गरम हवा. सकाळी दव पूर्ण सुकल्यावर सुरू करा आणि संध्याकाळचं दव पडायच्या बऱ्याच आधी संपवा, नाहीतर चकाकी रात्रीत मरते. पहिल्या हातातून खालचा प्रायमर दिसला म्हणून घाबरून जाड मारू नका, तो दुसऱ्या-तिसऱ्या हातात झाकतो. हे पॉलियुरेथेन पाण्याच्या रेषेच्या वरच. सतत बुडून राहणाऱ्या भागाला त्याचे वेगळे रंग आहेत. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. रोलरने स्प्रेसारखं धुकं उडत नाही, हे आमचं मोठं सुख, तरी सॉल्व्हंटच्या वाफांचा मास्क आणि हातमोजे घालाच.

काका आता आपली बोट स्वतःच रंगवतात. रोलर ते धरतात, ब्रश त्यांची मुलगी. हात अजून जाडच मारतात. ओघळ आला की रंग ओला असतानाच मला फोन येतो, आणि मी दरवेळी तेच सांगतो: आता ओघळाला हात लावू नका काका, पुरता कडक होऊ दे, मग घासा.