इंटिरिअर डिझाइन की डेकोरेशन? माझं कसं ठरलं

बी.कॉम. झाल्यावर मी पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघत होते. नात्यात कुणी नवा फ्लॅट घेतला की सोफा कुठे, देवघर कुठे, हे विचारायला फोन मात्र माझ्याकडे यायचा. यातच करिअर करावं असं मनात आलं, आणि लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला: इंटिरिअर डिझाइन शिकायचं (भिंती, वायरिंग, ओटा, कपाटं यांची आखणी) की डेकोरेशन (तयार घरातले पडदे, रंग, दिवे, गालिचे)?

घरात मतं तयारच होती. बाबा म्हणाले, "पडदे लावायला शिकायला कशाला लागतं? करायचंच तर डिझाइन कर, त्याला मान आहे." मामा सिव्हिल कॉन्ट्रॅक्टर. तो म्हणाला, "आधी साइटवर ये, चार दिवस धूळ खा, मग बोलू." मला मामाचं पटलं.

कोर्सची चौकशी केली तर गोंधळ वाढलाच. आयटीआयमध्ये एक वर्षाचा ट्रेड आहे, त्याचं नावच 'इंटिरिअर डिझाइन अँड डेकोरेशन'. म्हणजे सरकारनेही दोन्ही एकाच पिशवीत भरलंय. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं तर १९७२च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. इंटिरिअर डिझायनर म्हणवून घ्यायला अशी कुठलीच अट नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स ही संस्थाही १९७२चीच, पण तिचं सभासद व्हायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. थोडक्यात, उद्या सकाळी कुणीही कार्ड छापू शकतो. त्यामुळे 'मान कशाला' हा मुद्दा मी बाजूला ठेवला आणि रोज उठून काय करायला आवडेल ते बघायचं ठरवलं.

नोकरी सोडली, शनिवार-रविवारचा डिप्लोमा धरला. ऑटोकॅड, स्केचअप ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअर, मटेरियल्स वगैरे. बाकीचे दिवस मामाच्या ओळखीतल्या एका डिझायनर बाईंकडे साइट सांभाळायला जाऊ लागले. पगार रिक्षाला पुरेल इतका.

डिझाइनचं निम्मं काम प्लास्टरच्या आत पुरलेलं असतं, हे साइटवर पहिल्याच आठवड्यात कळलं. पलंग कुठे येणार ते ठरल्याशिवाय स्विचबोर्डाची जागा ठरत नाही, आणि ती ठरल्याशिवाय इलेक्ट्रिशियनला भिंतीत झिरी (वायरसाठीची खाच) मारता येत नाही. गिझर, एसी, मायक्रोवेव्हला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, बाकी बहुतेक ठिकाणी ६चा. फ्रिज, आरओ, चिमणी, मिक्सर सगळं ओट्याच्या ड्रॉइंगवर आधीच यायला हवं. ओट्याची उंची साधारण ३४ इंच धरतात, पण आमच्या मॅडम घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाला भिंतीला टेकवून उभं करायच्या, कोपराची उंची टेपने मोजायच्या आणि मगच आकडा लिहायच्या. प्लाय उतरली की शिक्का वाचायचा. कपाटांना आयएस ३०३ (साधी प्लाय) चालते, सिंकखाली मात्र आयएस ७१०च (पाणी सोसणारी मरीन प्लाय). बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की पाणी तुंबवून दोन दिवस ठेवायचं. मी रोज खालच्या मजल्यावर जाऊन "काका, छताला ओल दिसतेय का?" असं विचारायचे. काका चहा द्यायचे आणि सोसायटीच्या मीटिंगमधली सगळी भांडणं ऐकवायचे.

भिंती फोडण्यावरून तर कायम वाद. हॉल आणि किचनमधली भिंत काढून टाकायची इच्छा दर दुसऱ्या घरात असते. जुन्या इमारतीतली चार इंची विटांची भिंत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि सोसायटीची परवानगी घेऊन ती निघू शकते. नव्या टॉवरमध्ये मायवानचं (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेलं) बांधकाम असेल तर खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा आरसीसीच्या असतात. तिथे फोडणं सोडाच, झिरी मारायलाही बिल्डर हात लावू देत नाही. हे ग्राहकाला समजावून सांगणं हेही डिझायनरचंच काम. शिवाय पुण्यातल्या सोसायट्यांत दुपारी हातोडा बंद. सुतार बसून, मजुरी चालू.

मला हे सगळं जमत होतं. सीएंच्या ऑफिसातल्या सवयीमुळे बीओक्यू, म्हणजे कुठलं काम किती आणि खर्च किती याची यादी, तर इतरांपेक्षा बरंच जमायचं. पण एक गोष्ट हळूहळू लक्षात यायला लागली. सुतार गेले, पेंटरचा शेवटचा हात मारून झाला, की मॅडमचा त्या घरातला रस संपायचा आणि माझा तिथून सुरू व्हायचा. त्यांचा जीव नकाशात होता. रिकाम्या खोलीत उभं राहून त्या "इथून इथे सात फूट मोकळे" असं म्हणायच्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळायचा. माझा उजळायचा तो कापडाचे नमुने खिडकीशी धरताना.

एवढ्यावर ठरवणं घाईचं झालं असतं, म्हणून दसरा-दिवाळीच्या हंगामात एका फर्निशिंगच्या दुकानात काउंटरला उभी राहिले. बाबांच्या 'पडदे लावायला कशाला शिकायचं'चं उत्तर तिथे मिळालं. उदाहरणच घ्या. खिडकी ६ फूट, रॉड दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर, म्हणजे ८४ इंच. ५४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड चुण्या घालून सुमारे २४ इंच झाकतं, म्हणजे ४ पाट (कापडाचे उभे तुकडे). रॉडपासून जमिनीपर्यंत ८ फूट, वर-खाली दुमडायला एक फूट. एक पाट १०८ इंच, चार पाटांना ११ मीटर. कापड प्लेन असेल तर हिशोब इथे संपला. पण त्यावर मोठी फुलं असतील आणि नक्षी दर २४ इंचांनी परत येत असेल, तर चारही पाटांवरची फुलं एका रेषेत यायला प्रत्येक पाट १२० इंचांचा कापावा लागतो. ११चे १२.२ मीटर झाले. हे न कळणारा माणूस कापड कमी आणतो, आणि दिवाळीच्या तोंडावर तोच लॉट परत मिळत नाही.

उजेडाचंही तसंच. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० केल्विनचे (उजेडाच्या रंगाचं माप) पांढरेफेक दिवे. दुकानात पिवळसर उजेडात पसंत केलेला बेज रंग घरी मळकट दिसतो आणि शिव्या पेंटरला बसतात. मी आता रंगाचा दोन बाय दोन फुटांचा पट्टा भिंतीवर दोन हात मारून घेते, आणि सकाळी, दुपारी, दिवे लावल्यावर असा तीनदा बघायला लावते. लोक कंटाळतात. बघितल्यावर मात्र निम्मे जण रंग बदलतात.

निर्णय शेवटी पक्का झाला तो भाड्याच्या घरांमुळे. वाकड, बाणेर, खराडीकडे अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी कितीतरी जोडपी आहेत. मालक खिळा ठोकू देत नाही, आणि दुसऱ्याच्या घरात वॉर्डरोब बांधण्यात ते तरी पैसे का घालतील? त्यांना डिझायनर नकोच असतो. हवं असतं ते घर बदलताना टेम्पोत घालून नेता येईल असं: लॅम्प, गालिचा, ड्रिल न करता दोन भिंतींत घट्ट बसणारा पडद्याचा रॉड, सोफ्याची नवी कव्हरं. तशीच दुसरी मंडळी म्हणजे साठीच्या पुढची. घर स्वतःचं, पण फोडाफोडीची धूळ आता सोसत नाही. या दोघांकडे नीट लक्ष देणारं कुणी मला आजूबाजूला दिसत नव्हतं. मी डेकोरेशन घेतलं.

पैशांचं स्पष्ट बोलायचं तर एकेका कामातली रक्कम डिझाइनच्या मानाने लहान असते. पण काम दोन-तीन आठवड्यांत हातावेगळं होतं आणि पैसे अडकत नाहीत. डिझाइनमध्ये शेवटचा हप्ता 'त्या एका ड्रॉवरचा आवाज येतो' म्हणून महिनोन् महिने लोंबकळलेला मी पाहिलाय. दुकानदार ग्राहक आणणाऱ्याला कट देतात, हे या धंद्यातलं उघड गुपित आहे. मी सल्ल्याची फी वेगळी घेते आणि दुकानाची सूट थेट ग्राहकाच्या बिलात दाखवायला लावते. यावर एका दुकानदाराने मला "ताई, तुम्ही धंदा करणार की समाजसेवा?" असंही विचारलंय. फी वेगळी घेते ती एवढ्यासाठीच की फी कशाची, हे ग्राहकाला एकदा कळलं की तो घासाघीस कमी करतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. त्यापुढे गेलं की फीवर १८ टक्के लावावे लागतात, ते आधीपासून डोक्यात ठेवलेलं बरं.

डिप्लोमा वाया गेला का, असं बरेच जण विचारतात. अजिबात नाही. परवाच एका घरी जड आरसा टांगायचा होता आणि मालकीणबाईंनी दाखवलेल्या जागेच्या बरोबर खाली स्विचबोर्ड. वायर तिथून सरळ वर गेलेली असणार हे मला साइटमुळे माहीत होतं, म्हणून आरसा फूटभर सरकवला. भिंत पाडायची, प्लंबिंग हलवायचं असं काही निघालं की मी ते काम मॅडमकडे पाठवते. त्यांच्याकडची घरं रंग झाल्यावर माझ्याकडे येतात.

कोर्सची फी भरण्याआधी विचारायला येणाऱ्यांना मी दोन ठिकाणी जायला सांगते. टाइल्स बसत असलेल्या साइटवर एक आठवडा, आणि नवरात्रात फर्निशिंगच्या काउंटरवर एक आठवडा. पगार मागू नका, डबा घेऊन जा. आणि साइटवर चप्पल नको, बूट घाला.