डॉक्सोरुबिसिनला दाद न देणाऱ्या पेशी तयार करताना: माझा अनुभव

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध. त्याला दाद न देणाऱ्या पेशी तयार करायच्या या सगळ्या कामाला शोधनिबंधांत एक ओळ मिळते: औषधाची मात्रा क्रमाक्रमाने वाढवून प्रतिरोधक पेशी तयार केल्या. मात्रा किती पटीने वाढवायची, कधी वाढवायची, पेशी अडून बसल्या तर काय करायचं, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. अडतं मात्र नेमकं तिथेच, म्हणून हे लिहितेय.

आमची सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या एकाच मूळच्या पेशी) के-५६२, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाची म्हणजे रक्ताच्या एका कर्करोगाची, द्रवात तरंगत वाढणारी. पुण्यात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स म्हणजे एनसीसीएसच्या रिपॉझिटरीत ती मिळते. आरपीएमआय-१६४० मीडियम, १० टक्के सिरम, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. इथवर काही अडत नाही. ७२ तासांच्या एमटीटीवर (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) मूळ पेशींची आयसी-५० (पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा) काढायची आणि तिच्या दहाव्या हिश्श्यापासून सुरुवात करायची. पहिल्या काही पायऱ्या सहज पार पडतात.

आयसी-५० जवळ आली की फ्लास्क बसतो, म्हणजे पेशी वाढेनाशा होतात. तळाशी राखाडी कचरा साचतो, मेलेल्या पेशी रंगवणारं ट्रायपॅन ब्लू घातलं की बहुतेक पेशी निळ्या. उरलेल्या फुगलेल्या असतात, काहींत दोन-तीन केंद्रकं. काही तर हिमोग्लोबिन बनवायला लागतात. के-५६२ चा हा स्वभावच आहे. अँथ्रासायक्लिनच्या (डॉक्सोरुबिसिन याच गटातलं) थोड्या मात्रेने ती लाल पेशींच्या वाटेला लागते. या पेशी जिवंत आहेत, पण प्रतिरोधक नाहीत. त्या नुसत्या थांबल्या आहेत. व्हायबिलिटी (जिवंत पेशींचं प्रमाण) बरी दिसते म्हणून इथे मात्रा वाढवली, की अख्खी लाइन हातची जाते.

अशा वेळी औषध काढून घ्या. २०० जी-ला पाच मिनिटं स्पिन करा, साध्या मीडियममध्ये घ्या आणि मोठ्या फ्लास्कमधून टी-२५ या लहान फ्लास्कमध्ये आणून तो उभा ठेवा. मिलिलिटरला १ लाखाच्या खाली गेल्या तर या पेशी रेंगाळतात. मेलेल्या फार झाल्या तर फिकॉल या दाट द्रवावर चढवून वेगळ्या करा. मीडियम बदलायचं ते अर्धंच. आणि रोज फ्लास्क उघडून मोजत बसू नका, त्यातून फक्त बुरशीला वाट मिळते. 'झालं का?' अशी वरून विचारणा होत राहते. पेशी मूळ लाइनच्या वेगाने दुप्पट होईपर्यंत झालेलं नसतं, हे ठामपणे सांगायचं. व्हायबिलिटी ९० टक्क्यांवर आणि वेग दोन-तीन पॅसेज (पेशी नव्या मीडियममध्ये वाटण्याच्या फेऱ्या) टिकला, की व्हायल्स गोठवायच्या आणि मगच पुढची मात्रा द्यायची. तीही दीडपट. सगळीकडे दुप्पट लिहिलेलं असतं; या टप्प्यावर दुप्पट घातक ठरते. पेशींमध्ये औषध बाहेर फेकणारे पंप कमी-जास्त असतात. दीडपटीला थोडे जास्त पंप असलेल्या तगतात आणि वाढतात, दुप्पटीला त्याही मरतात. मागच्या मात्रेचा एक फ्लास्क कायम चालू ठेवा. बिनऔषधाची मूळ लाइनही तितकेच पॅसेज शेजारी चालवा, नाहीतर शेवटी तुलना कशाशी करणार?

हा पंप म्हणजे पी-ग्लायकोप्रोटीन, एबीसीबी-१ जनुकाचं, १७० किलोडाल्टनचं प्रथिन. ज्युलियानो आणि लिंग यांनी १९७६ मध्ये त्याची नोंद केली. पेशीच्या पटलात शिरलेलं औषध तिथूनच पकडून एटीपीच्या जोरावर ते बाहेर फेकतं. रेणूची रचना त्याला फारशी आड येत नाही, म्हणून डॉक्सोरुबिसिनवर तयार झालेल्या पेशी कधीही न पाहिलेल्या विनक्रिस्टीन आणि पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगाच्या दुसऱ्या औषधांनाही जुमानत नाहीत. सिस्प्लॅटिन या आणखी एका औषधाला मात्र हा पंप बाहेर फेकत नाही, तेव्हा तेही लावून बघा. त्यालाही पेशी दाद देत नसतील तर पंपाशिवाय आणखी काहीतरी बदललंय.

वेस्टर्न ब्लॉटला (प्रथिन जेलवर वेगळं करून ओळखण्याची चाचणी) नमुना ९५ अंशांवर उकळू नका. हे प्रथिन गोळा होऊन जेलच्या तोंडाशीच अडकतं आणि पट्टी दिसत नाही. ३७ अंशांवर ठेवलं तरी पुरतं.

फ्लो सायटोमेट्रीत (एकेका पेशीची चमक मोजण्याची पद्धत) पंप बाहेर फेकतो तो रोडामाइन १२३ हा चमकणारा रंग पेशींत भरून, थंड मीडियमने धुऊन, ३७ अंशांवर तासभर बाहेर पडू द्यायचं; तुलनेला एक ट्यूब बर्फात, एक पंप अडवणाऱ्या १० मायक्रोमोलर व्हेरापामिलसह. रुग्णाच्या हृदयाला इतकं व्हेरापामिल झेपत नाही, ते प्रयोगापुरतंच. डॉक्सोरुबिसिन स्वतःच नारिंगी चमकतं, म्हणून आधी आठवडाभर पेशी बिनऔषधाच्या ठेवा. मात्र मायक्रोस्कोपखाली तीच चमक कामाला येते: मूळ पेशींचं केंद्रक उजळतं, प्रतिरोधक पेशींत ते मंद आणि भोवती नारिंगी ठिपके.

आणखी एक राहिलं: डॉक्सोरुबिसिनचा १० मिलिमोलर स्टॉक, म्हणजे मिलिलिटरला ५.८ मिलिग्रॅम, लहान ट्यूबमध्ये वाटून फॉइलमध्ये गुंडाळा. उजेडाने औषध उतरलं की साध्या पेशीही प्रतिरोधक भासतात. एसटीआर तपासणी (पेशी खरंच त्याच लाइनच्या आहेत का हे डीएनएवरून बघणारी) सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा करा. एमसीएफ-७/एडीआर ही लाइन वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली आणि निघाली अंडाशयाच्या कर्करोगाच्या ओव्हीसीएआर-८ मधली.