बंदूक देऊन स्ट्रॉबेरी

बुरशीने जग खाऊन टाकलंय, शहरं ओस पडलीत, आणि पडद्यावर दोन पोक्त पुरुष परसात उकिडवे बसून स्ट्रॉबेरी खातायत. 'द लास्ट ऑफ अस' या मालिकेचा हा तिसरा भाग २९ जानेवारी २०२३ ला आला. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. आयएमडीबी या प्रेक्षकांनी तारे देण्याच्या संकेतस्थळावर मात्र एकेक तारा देणाऱ्यांची झुंबड उडाली. बऱ्याच जणांना दोन पुरुषांचं प्रेम खुपत होतं, हे उघड आहे. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरी तक्रार मात्र ऐकून घेण्यासारखी होती. गाडं पुढे सरकतच नाही म्हणे! मालिकेचे नायक जोएल आणि एली राहिले बाजूला, सव्वा तास हा कोण बिल आणि कोण फ्रँक? त्यात २०१३ चा मूळ व्हिडिओ गेम खेळलेल्यांची आणखी पंचाईत. तिथे फ्रँक भेटतो तोच मेलेला, वर बिलला शिव्या घालणारी चिठ्ठी ठेवून गेलेला. इथे सगळंच उलटं.

मला विचाराल तर गाडं छान सरकतं. जोएलला बिलची गाडी मिळते, शस्त्रं मिळतात; आणखी काय हवं? पण खरी गंमत बिलची. हा गडी जगबुडीची वाटच बघत होता. कुंपण, सापळे, जनरेटर, तळघरभर बंदुका, सगळं चोख. अशा माणसाची एक छोटी बंदूक फ्रँक परस्पर देऊन टाकतो आणि बदल्यात घेतो काय, तर स्ट्रॉबेरीच्या बियांचं पाकीट! पहिलं फळ तोंडात टाकल्यावर निक ऑफरमनचा बिल जो खुदकन हसतो, तो दाढीवाला राकट माणूस एवढंसं, किनऱ्या आवाजात हसतो, त्या हसण्यालाच एमी पारितोषिक द्यायला हवं. (मिळालंही, पाहुण्या कलाकाराचं.) आणि लगेच कबूल करतो, तू येण्याआधी मला कधी भीती वाटली नव्हती. इतकी वर्षं बंदुका साठवणारा माणूस हे बोलतो, तेही फळ खाताना.

समीक्षकांचंही सगळं मला पटलं नाही. शेवटी बिलचं पत्र येतं आणि जोएलने कशासाठी जगायचं ते समजावून सांगतं. अहो, आम्ही आत्ताच पाहिलं ना! मी दहापैकी नऊ दिले असते. एक गुण त्या पत्राचा कापला.