तीस किलोमीटरवरची दोरी

गेल्या हिवाळ्यात, तोक्योपासून रेल्वेने दीड तासावर असलेल्या एका गावातल्या मॅरेथॉनमध्ये, ३० किलोमीटरच्या खुणेपाशी मला थांबवले. मी पंधरा-वीस पावलांवर असताना दोन स्वयंसेवकांनी रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरी दोरी धरली, तिसऱ्याने हातातला फलक उलटा केला, आणि मी दोरीशी पोहोचले तेव्हा बाजूच्या घड्याळात ३ तास ५५ मिनिटे आणि १८ सेकंद झाले होते. मर्यादा ३ तास ५५ मिनिटांची होती. दोरी धरणारा मुलगा फार तर विशीतला असेल. त्याने कमरेत वाकून "ओत्सुकारेसामा देश्ता" असे म्हटले. आमच्या ऑफिसात संध्याकाळी घरी निघताना सगळे एकमेकांना हेच म्हणतात. आज पुष्कळ श्रम केलेत, दमला असाल, असा त्याचा भाव. ऑफिसात ते कानांना बरे वाटते. त्या दिवशी मात्र त्याच्या हातातून ती दोरी हिसकावून घ्यावी असे मला वाटले.

या प्रकाराला येथे 'कानमोन' म्हणतात. मराठीत त्याला सरळ 'नाका' म्हणता येईल. जपानमधल्या लांब पल्ल्याच्या बहुतेक शर्यतींत शेवटच्या रेषेआधी असे अनेक नाके असतात, कोणता नाका किती वाजता बंद होणार हे पुस्तिकेत आधीच छापलेले असते, आणि ते त्या वेळेला बंद होतातच, कारण त्या मागचा रस्ता ठरल्या मिनिटाला वाहतुकीसाठी मोकळा करण्याचे वचन गावाला दिलेले असते. ही वेळ मोजायची ती सुरुवातीच्या पिस्तुलाच्या आवाजापासून. तुमचा पाय प्रत्यक्षात आरंभरेषेवर कधी पडला याच्याशी नाक्याला देणेघेणे नसते. माझा पाय पडला तो सहा मिनिटांनी, कारण मी मागच्या गटात उभी होते. बारा किलोमीटरवर स्वच्छतागृहापुढच्या रांगेत आठ मिनिटे गेली. त्या रांगेत माझ्यापुढे अकरा बायका होत्या आणि त्यांपैकी एकीनेही पुढे घुसण्याचा प्रयत्न केला नाही. मीही केला नाही, हे मुद्दाम सांगते, कारण त्या अकरा जणींतल्या एकीला जरी मी "माफ करा, मला जरा घाई आहे" असे म्हटले असते तरी १८ सेकंद सहज वाचले असते.

आपल्याकडे असे झाले नसते, हा विचार पहिल्यांदा मनात आला, आणि खरे सांगायचे तर पुढचा आठवडाभर तो गेला नाही. मुंबईची अर्धी मॅरेथॉन मी दोनदा धावले आहे आणि साताऱ्याला यवतेश्वराच्या घाटातही एकदा धावले आहे. पेडर रोडच्या चढावर पाय जड झाले असताना कोण्या अनोळखी काकूंनी सोललेल्या संत्र्याची फोड सरळ माझ्या तोंडात घातली होती आणि "चल गं, थोडंच राहिलंय" असे धादांत खोटे सांगितले होते. असा मायेचा खोटेपणा येथे कोणी करत नाही. येथे रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक "फाइट्तो", म्हणजे "जोर लाव", म्हणून टाळ्या वाजवतात, मनापासून वाजवतात, पण अंतर विचारले तर ते दशांश चिन्हासकट सांगतात.

मात्र ज्या रस्त्यावर आपण धावतो त्या रस्त्यावरून कोणाला तरी दवाखान्यात जायचे असते, आणि पुण्यात शर्यतीच्या सकाळी आम्हीच गाडीत अडकून आयोजकांच्या नावाने किती बोटे मोडली होती, हेही मला आठवते. तेव्हा मी धावत नव्हते, त्यामुळे माझे मत वेगळे होते.

दोरीपलीकडे एक बस उभी होती. बुटाला बांधलेली वेळ मोजण्याची चिप काढून घेतली गेली, अंगावर गुंडाळायला चंदेरी पातळ कागद मिळाला, आणि आम्ही पंचवीसेक जण त्या बसमध्ये बसलो. शेजारच्या खिडकीपाशी सत्तरीचे एक आजोबा होते. त्यांनी कमरपट्ट्यातून अंगठ्याएवढी प्लास्टिकची डबी काढली, तिच्यातले एक उमेबोशी, म्हणजे मिठात मुरवलेले आंबट फळ, स्वतः तोंडात टाकले आणि दुसरे माझ्यापुढे धरले. मीठ कमी झाले की पायांत गोळे येतात म्हणून येथले पुष्कळ धावपटू ते जवळ ठेवतात. आजोबा म्हणाले की ही त्यांची याच नाक्यावरची तिसरी खेप होती. मी विचारले, "मग पुढच्या वर्षी?" त्यावर ते इतकेच म्हणाले की पुढच्या वर्षी ते पुढच्या गटात उभे राहता यावे म्हणून अर्ज करणार आहेत. नाका बदलावा असे त्यांना वाटलेच नव्हते.

आता, १८ सेकंदांचा दोष मी रांगेवर ढकलला असला तरी खरा हिशेब वेगळा आहे. सोळा आठवड्यांचा सराव आखला होता: मंगळवारी आणि गुरुवारी दहा-दहा किलोमीटर, रविवारी लांब पल्ला, आणि तो पल्ला वाढवत वाढवत तिसापर्यंत न्यायचा. प्रत्यक्षात सर्वांत लांब धाव झाली २१ किलोमीटरची. नोव्हेंबर आणि डिसेंबरात आमच्या प्रकल्पाची नवी प्रणाली ग्राहकाकडे सुरू व्हायची होती, त्यामुळे तीन रविवार ऑफिसने खाल्ले आणि चौथा मी झोपून काढला. एकवीसपर्यंत पाय माझे होते. चोविसाव्या किलोमीटरपासून ते भाड्याने आणल्यासारखे चालू लागले. शरीराला न शिकवलेली गोष्ट शर्यतीच्या दिवशी ते आपणहून करत नाही, हे मला माहीत होते, तरीही मी नाव नोंदवून बसले होते. तोक्यो मॅरेथॉनच्या लॉटरीत माझा नंबर तीन वर्षे लागलेला नाही, म्हणून मिळाली ती शर्यत धरली.

ऑफिसात सोमवारी ही हकिकत सांगितली तेव्हा आमच्या विभागातल्या दोघांनी, ठरवून आल्यासारखे, युकी कावाउचीचे नाव काढले. नोकरी सांभाळून धावणाऱ्या कोणालाही या देशात हे नाव ऐकावेच लागते. येथले अव्वल मॅरेथॉन धावपटू बहुधा मोठ्या कंपन्यांच्या संघांत असतात आणि धावणे हेच त्यांचे मुख्य काम असते; कावाउची मात्र सैतामा प्रांताचा सरकारी कर्मचारी होता आणि एका शाळेच्या कार्यालयात पूर्ण वेळ काम करत होता. २०११च्या तोक्यो मॅरेथॉनमध्ये २ तास ८ मिनिटे ३७ सेकंदांत तो तिसरा आला. पुढे २०१८मध्ये गारठवणाऱ्या पावसात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात त्याने बोस्टन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत जिंकली. १९८७नंतर बोस्टनला पहिला आलेला तो पहिलाच जपानी पुरुष. दिवसातून एकदाच सराव आणि बाकीचा सराव म्हणून शनिवार-रविवारच्या शर्यती, अशी त्याची रीत होती. हे सगळे ऐकून घेतल्यावर मी दोन गोष्टी नम्रपणे निदर्शनास आणल्या. एक, त्याची कामाची वेळ दुपारी पाऊण ते रात्री सव्वानऊ अशी होती, म्हणजे ज्या सकाळी मी डबा भरते आणि मुलाचे दप्तर शोधते ती त्याची संपूर्ण मोकळी असे. दुसरी, एप्रिल २०१९पासून तो व्यावसायिक धावपटू झाला. नोकरी त्याने शेवटी सोडलीच. दोघेही काही वेळ गप्प राहिले. हे बोलून मला थोडे समाधान मिळाले, हे कबूल करते.

आईशी फोनवर बोलताना आणखी वेगळाच सूर लागतो. "अगं, दिवसभर राबून येतेस आणि वर पळतेस? नोकरीच पळवते तेवढं पुरे नाही का?" हे ती दर वेळी म्हणते आणि त्यावर माझ्याकडे नीट उत्तर नसते. मुलाला कोण बघते, हा तिचा पुढचा प्रश्न. रविवारी सकाळी तीन तास नवरा बघतो. तो शनिवारी चार तास क्रिकेट खेळायला जातो, हेही येथे नोंदवून ठेवते, कारण त्याबद्दल अद्याप कोणी फोन केलेला नाही.

त्या शर्यतीनंतर बरेच दिवस मला एक गोष्ट बोचत राहिली. रस्त्यावर तिसाव्या किलोमीटरला दोरी आहे, पण माझ्या कामाच्या दिवसाला कोठेच दोरी नाही. कागदावर ती आहे: एप्रिल २०१९मध्ये मोठ्या कंपन्यांना लागू झालेल्या कायद्यानुसार जादा काम सर्वसाधारणपणे महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांच्या आत ठेवावे लागते, खास कारण असेल तर काही महिने ती मर्यादा ओलांडता येते, आणि आमच्या विभागाला खास कारणांचा तुटवडा कधी पडलेला नाही. ज्या देशात गावची पोरे १८ सेकंदांसाठी दोरी आडवी धरतात, त्याच देशात सातची बैठक पावणेनऊला संपते आणि घड्याळाकडे कोणी पाहत नाही, ही विसंगती मी एका जपानी सहकारिणीला बोलून दाखवली. ती हसली आणि म्हणाली, "रस्ता सगळ्यांचा असतो, तुझा वेळ तुझा एकटीचा." मला राग आला. मग पुण्याच्या ऑफिसात रात्री दहाला अमेरिकेचे फोन घेणारी मीच होते आणि तेव्हा मला वेळ कोणाचा हा प्रश्नही पडला नव्हता, हे आठवले. तिला मात्र ते सांगितले नाही.

तेव्हापासून मी स्वतःपुरता नाका लावला आहे: मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी पावणेसात. त्या वेळी लॅपटॉप मिटतो. कॅलेंडरवर मी तेथे स्वच्छ शब्दांत 'धावणे' असे लिहिले. आधी 'वैयक्तिक काम' लिहिले होते तेव्हा लोक त्यावर बैठका टाकत असत, 'धावणे' लिहिल्यावर टाकत नाहीत. मुलाच्या शाळेच्या कामासाठी लवकर निघताना मला तीन वेळा माफी मागावी लागते आणि धावायला निघताना लोक "किती किलोमीटर?" असे कौतुकाने विचारतात, याचा अर्थ काय लावायचा ते मी ठरवलेले नाही. सध्या त्याचा फायदा घेते आहे.

तोक्योच्या ओतेमाची भागातल्या आमच्या ऑफिसापासून दहा मिनिटांवर धावणाऱ्यांसाठी लॉकर आणि शॉवर भाड्याने देणारी जागा आहे. दाराशीच बूट काढायचे, मनगटात किल्लीचे कडे अडकवायचे, कपडे बदलायचे आणि सम्राटाच्या राजवाड्याभोवतीच्या रस्त्याला लागायचे. हा फेरा साधारण ५ किलोमीटरचा आहे, त्यात एकही सिग्नल लागत नाही, आणि पदपथात सुमारे शंभर-शंभर मीटरवर जपानच्या एकेका प्रांताच्या फुलाची फरशी बसवलेली आहे, त्यामुळे दमल्यावर घड्याळाऐवजी फुले मोजता येतात. सगळ्यांनी घड्याळाच्या उलट दिशेने धावायचे असा येथला संकेत आहे. सुरुवातीला मला तो जाचक वाटे, विशेषतः ताकेबाशीपासून हांझोमोनपर्यंतचा चढ रोज त्याच बाजूने चढावा लागतो म्हणून. आता दिवसभर शंभर गोष्टी ठरवून थकलेल्या डोक्याला निदान दिशा तरी ठरवावी लागत नाही, हे बरे वाटते. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, म्हणजे माझा सगळा सराव अंधारात. रात्री साडेआठला मी एकटी खंदकाच्या कडेने धावते आणि कोणी वळून पाहत नाही. पुण्यात पहाटे पाचला कुत्री आणि दुचाकीवरचे टवाळ या दोहोंचा अंदाज घेत धावलेल्या बाईला या सुखाची किंमत निराळी समजावून सांगावी लागत नाही. कोणी "शाब्बास" म्हणत नाही, एवढीच उणीव.

मागच्या गुरुवारी पावणेसातला बैठक चालू असताना मी उठले. साहेबांनी "ओत्सुकारेसामा" म्हटले, आणि ते नेहमीचे होते की दोरीवाले, ते मला कळले नाही. दुसऱ्या फेऱ्यात ताकेबाशीचा चढ अर्धा चढले असेन तेव्हा फोन वाजला. पहिल्यांदा मी तो घेतला नाही. दुसऱ्यांदा घेतला, आणि बोलता बोलता पदपथाच्या अरुंद भागात मधोमध उभी राहिले. मागून धावणाऱ्यांची एक रांग आली, कडेने वळली, आणि तिच्या शेवटी काठी घेऊन फिरायला निघालेल्या एक आजी थांबल्या. त्यांनी काही न बोलता काठीच्या टोकाने खांबावरच्या पाटीकडे बोट दाखवल्यासारखे केले: पदपथ अडवू नका, पादचाऱ्यांना प्राधान्य द्या, वेळेपेक्षा निवांतपणाला महत्त्व द्या. मी वाकून क्षमा मागितली, कठड्याला टेकून उभी राहिले आणि बोलत राहिले. बोलणे अठरा मिनिटे चालले. अंग गार पडले होते. तरी उरलेला फेरा पूर्ण करून साडेनऊची गाडी पकडली.