हळदीसाठी लिहिलेले पहिले संदेश: माझा अनुभव

समुद्रपूर तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची दळलेली वायगाव हळद विकण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा माल उत्तम होता, २०१६ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन पाठीशी होते आणि खरेदीदार मात्र एकही नव्हता. नागपूर, वर्धा आणि हिंगणघाट येथील साठ किराणा व मसाला दुकानांचे क्रमांक मी त्यांच्या पाट्यांवरून उतरवून घेतले आणि एकच लांबलचक संदेश व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून सर्वांना पाठवला. दोन दिवस कोणाचेच उत्तर आले नाही. ब्रॉडकास्टचा संदेश ज्यांनी आपला क्रमांक जतन केलेला असतो त्यांनाच पोहोचतो, हे मला नंतर कळले. मग तोच मजकूर एकेकाला स्वतंत्रपणे पाठवला, तेव्हा दोन उत्तरे आली आणि दोन्ही नकाराची होती.

कारण समजले ते नागपूरच्या इतवारीत. एका दुकानदारांना मी प्रत्यक्ष भेटलो आणि संदेश का वाचला नाही, असे सरळ विचारले. त्यांनी राग न मानता आपला फोन माझ्यापुढे धरला. न उघडलेल्या संदेशांची रांग होती, प्रत्येकाचे पहिले चारपाच शब्दच दिसत होते आणि जवळजवळ सर्वांची सुरुवात ‘नमस्कार सर, आमची कंपनी’ अशी होती. “सांगा बरं भाऊ, यातला तुमचा कोणता?” असे त्यांनी विचारले आणि मला माझा संदेश खरोखरच ओळखता आला नाही.

त्या रात्री मी मजकूर नव्याने लिहिला: ‘वायगावची हळद, यंदाची, गावातच दळलेली. तुमच्या दुकानात सुटी हळद महिन्याला किती किलो जाते, एवढे कळवाल का? त्या हिशेबाने भाव सांगतो.’ कंपनीची स्थापना, सभासदांची संख्या, आमची ध्येये हे सर्व गाळले. ते गाळताना जिवावर आले, कारण त्यामागे आमच्या माणसांचे कष्ट आहेत. पण गल्ल्यावर बसलेल्या माणसाला पहिल्या क्षणी माल कोणता आणि आपल्याला काय करायचे आहे, एवढेच हवे असते. मागणीही एका आकड्यात उत्तर देता येईल इतकी लहान ठेवली.

दुसऱ्या मजकुरात शेवटचा प्रश्न बदलून ‘अर्धा किलो नमुना मोफत पाठवू का?’ असे लिहिले. येथे माझी चूक झाली. पहिला मजकूर नागपूरला आणि दुसरा वर्धा-हिंगणघाटला पाठवल्यामुळे फरक शब्दांचा की गावाचा, हे सांगता येईना. म्हणून अमरावती आणि यवतमाळची साठ नवी दुकाने वहीत उतरवली, विषम क्रमांकांना पहिला आणि सम क्रमांकांना दुसरा मजकूर दिला, आणि दोन्ही एकाच दिवशी, गिऱ्हाईक कमी असते अशा दुपारच्या वेळी पाठवले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम तेव्हापासून मी मोडलेला नाही.

मोफत नमुन्याच्या संदेशाला तीसपैकी अकरा उत्तरे आली, तर महिन्याची खपत विचारणाऱ्याला सात. नुसती उत्तरे मोजली असती, तर मी नमुन्याचाच मजकूर धरून बसलो असतो. परंतु वहीत मी पुढचा रकानाही ठेवला होता: नमुना घेतलेल्यांपैकी एकाने माल उचलला, आणि खपत सांगणाऱ्या सातांपैकी चौघांनी. ज्याने स्वतःचा आकडा सांगितला त्याच्याशी भावाचे बोलणे लगेच सुरू होत होते, असे मला दिसले. तीस दुकाने हा आकडा लहान आहे हे मी जाणतो, म्हणून हीच तुलना चंद्रपूरच्या यादीवर पुन्हा करीत आहे.

उत्तर न देणाऱ्यांना मी चार दिवसांनी एकदाच आठवण देतो आणि तीत काही नवे असेल याची काळजी घेतो, बहुधा कुरकुमीनच्या, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाच्या, तपासणी अहवालाचे छायाचित्र. त्यानंतरही उत्तर आले नाही, तर त्या नावापुढे फुली मारतो. ‘नको’ म्हणणाऱ्यांचे आभार मानून त्यांचा क्रमांक यादीतून काढतो, कारण उद्या त्यांच्याच शेजारच्या दुकानात मला जायचे असते. अहवालाचे ते छायाचित्र पहिल्याच संदेशासोबत द्यावे का, हे चंद्रपूरची तुलना संपल्यावर तपासणार आहे. त्यासाठी वहीत रकाना आखून ठेवला आहे.